निवृत्तीनंतर कर्नाटकात शेती: खानापूर भागात कुणी राहिलंय का?

सदाफुली

नमस्कार. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. पुढच्या मे महिन्यात ५८ पूर्ण होऊन निवृत्त होईन. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, दोन वर्षांपासून घरीच आहेत. आमच्या दोघांच्याही घरात सातबारा कधी नव्हताच. सासरे गिरणीत, माझे वडील गोदीत. त्यामुळे महाराष्ट्रात जमीन बघायला गेलं की पहिलाच प्रश्न येतो, शेतकरी दाखला आहे का? तो नाही म्हटलं की बोलणं तिथेच संपतं.

ह्यांची आतेबहीण खानापूरला दिलेली आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो असताना तिच्या ओळखीच्या एजंटाने जांबोटीच्या बाजूला एक जागा दाखवली. तारेच्या कुंपणात पाच एकर, काजूची साठेक झाडं, काठोकाठ भरलेली विहीर. हे त्या विहिरीच्या काठावर अर्धा तास नुसते बसून राहिले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, इतकं निवांत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याही डोक्यातून ती जागा जात नाही.

कळव्याचं घर विकून तिकडे जायचा विचार आहे. आम्हाला बिगरशेतकरी म्हणून तिथे जमीन घेता येईल का? कन्नडचं अक्षरही येत नाही, अडेल का? ह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. एजंट म्हणतो, पंधरा दिवसांत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

माळरान

ताई, टोकन देऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो.

मी मूळचा डोंबिवलीचा, रेल्वेतून निवृत्त. २०२१ च्या डिसेंबरात नंदगडच्या पुढे २ एकर ३० गुंठे घेतले, तेव्हापासून आम्ही दोघं इथेच आहोत. कायद्याची अडचण तुम्हाला येणार नाही. पूर्वी कर्नाटकातही बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नव्हती. जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं २०२० साली काढून टाकली, म्हणून तर मी इथे येऊ शकलो. मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन असेल तर तिकडे वळूही नका. १९७८ च्या कायद्याप्रमाणे ती सरकारच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. झालेली खरेदी रद्द होते आणि जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. माझ्या मते ते योग्यच आहे, ती त्यांच्या हक्काची आहे.

मला खटकलं ते तुमचं ‘कुंपणात पाच एकर’. मलाही आधी एका ठिकाणी असेच पाच एकर दाखवले होते. कुंपण नवं, आत आंबा, काजू, गड्याची खोली, सगळं होतं. इथल्या उताऱ्याला पहाणी म्हणतात. ती काढली तर मालकाच्या नावापुढे क्षेत्र होतं २ एकर १० गुंठे. बाकीची जमीन वनखात्याची. दोन पिढ्यांपूर्वी कुणीतरी झाडं लावली आणि मग कुंपण हळूहळू पुढे सरकत गेलं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नाही. का सांगतील? मी तिथे कुणाच्या घरी चहालासुद्धा थांबलो नव्हतो. एजंटाच्या गाडीतून उतरायचो आणि तिच्यातच परत बसायचो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जंगल बांधाला लागूनच असतं. २०११ साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्यही ह्याच तालुक्यात आहे. तिथे कुंपणावर विश्वास ठेवायचा नाही. सरकारी भूमापक आणून हद्द मोजून घ्यायची, आणि मोजणीच्या वेळी शेजारचे बांधकरी हजर पाहिजेत.

कन्नडचं म्हणाल तर बोलण्यात अडत नाही. खानापुरात भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे मराठी बोलतात. अडतं ते कागदावर. पहाणी कन्नडमध्ये, खरेदीखत कन्नडमध्ये, तलाठ्याची नोटीस कन्नडमध्ये. पहिले सहा महिने मी सगळं दुसऱ्याकडून वाचून घेत होतो. मग शेजारच्या मुलीचं पहिलीचं पुस्तक मागून आणलं आणि रोज रात्री जेवणानंतर पाटीवर गिरवायला बसलो. मला बाराखडी येत नाही म्हणून ती मुलगी फार हसायची, पण शिकवलं तिनेच. आता पहाणी मी स्वतः वाचतो. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, ११ मध्ये इतर हक्क आणि बोजे, १२ मध्ये कोण कसतंय आणि पीक कोणतं. आमच्या जमिनीच्या ११ व्या रकान्यात सोसायटीचं कर्ज होतं. विकणाऱ्याने ते फेडून नोंद कमी करून आणेपर्यंत मी थांबलो. जुने हाताने लिहिलेले उतारे बघाल तेव्हा एक लक्षात ठेवा, कन्नड २ आणि ३ ह्यांच्यात फरक फक्त खालच्या शेपटीचा आहे. २ एकर की ३ एकर हे त्या शेपटीवर ठरतं.

आणखी एक. एका सर्व्हे नंबरातला काही भागच घेणार असाल तर मोजणी होऊन ‘११-ई’ नकाशा, म्हणजे तेवढ्याच तुकड्याची हद्द दाखवणारा सरकारी नकाशा, हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता विहीर. दिवाळीत ह्या भागात कुणाचीही विहीर भरलेलीच असते. ती बघायची मे महिन्यात. आणि जांबोटीकडचा पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. तालुका एकच असला तरी पश्चिमेला धो धो कोसळतो आणि पूर्वेला बिडी-इटगीकडे बराच कमी होतो. जुलैत झाड तारेवर पडलं की आमच्याकडेसुद्धा दोन-दोन, तीन-तीन दिवस वीज नसते. साहेबांचं इन्सुलिन कुठे ठेवणार, ह्याचा विचार जमिनीच्या आधी करा.

रुजवात

मी करसल्लागार आहे, जमिनीबद्दल बोलत नाही. पण कळव्याचं घर विकायच्या आधी हे वाचा. घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर करसूट मिळते ती मुख्यतः दुसऱ्या राहत्या घरात पैसे घातले तर (ठरावीक सरकारी रोख्यांची मर्यादित सोय सोडून). शेतजमिनीला घातलेले पैसे त्यात धरत नाहीत. पुष्कळांची इथेच गफलत होते, सगळे पैसे जमिनीला जातात आणि मग कर भरायला हातात काही उरत नाही. विकत घेणार असाल तर दोन वर्षांत, बांधणार असाल तर तीन वर्षांत घर व्हायला हवं. तेव्हा घराचा हिशोब वेगळा मांडा.

गाडी नेणार असाल तर बारा महिन्यांच्या पुढे तिथे ठेवल्यास कर्नाटकाचा नंबर घ्यावा लागतो. इथल्या आरटीओची ना-हरकत काढायला विसरू नका. पेन्शनची काळजी नको, हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ ह्या सरकारच्या ऑनलाइन सेवेवरून कुठूनही देता येतो.

परतलेला

मी खानापूरच्या शेजारच्या हल्याळ तालुक्यात तीन वर्षं राहून परत आलो. माझं कुणाशी भांडण झालं नाही, फसवणूकही झाली नाही. माणसं चांगली होती. तरी आलो, म्हणून लिहितो.

दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी भात कापणीला आलं आणि रात्री हत्ती आले. दांडेलीच्या जंगलातून येतात. सकाळी बांधावर उभा राहिलो तर निम्म्या शेतात भात चिखलात दाबलेलं, आणि परातीएवढ्या पावलांत पाणी साठलेलं. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली, पण त्या सकाळनंतर बायकोला रात्रीची झोप लागेना. त्यातच माझा गुडघा गेला. मग वाटलं, जमीन कुणाला तरी खंडाने देऊ आणि आपण नुसते राहू. तेव्हा कळलं की कर्नाटकात शेतजमीन अशी कसायला देणं १९७४ पासून बंद आहे, सैनिकांसारखे थोडे अपवाद सोडले तर. म्हणजे स्वतः कसायची किंवा मजूर लावून कसून घ्यायची. आणि मजूर ऐन लावणीच्या वेळी मिळत नाहीत, ते आधी आपापल्या शेतात जातात.

ताई, तुम्ही ५८ च्या, साहेब साठीचे. सत्तराव्या वर्षी त्या साठ काजूंखालच्या बिया कोण वेचणार, हे आजच मुलाबाळांशी बोलून घ्या. आम्ही मुलाशी बोललोच नव्हतो.

सदाफुली

तिघांचेही मनापासून आभार. एजंटाला फोन करून सर्व्हे नंबर मागितला. आधी म्हणाला, टोकनानंतर देतो. मग आतेनणंदेच्या दिरांनीच गावात जाऊन चौकशी केली. पहाणीवर १ एकर ३५ गुंठे आहेत. आणि विहीर त्या १ एकर ३५ मध्ये नाहीच.

ह्यांना सांगितलं तेव्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी उठून फिरायला गेले. मला फार वाईट वाटलं.

इन्सुलिनचं मी बघेन. ओल्या वाळूतल्या मातीच्या माठात ते थंड राहतं. पण चार दिवसांच्या पुढे मी तो धोका घेणार नाही, म्हणून जांबोटीचा विचार सोडला. मुलीशी रात्री बोलले. ती म्हणाली, मी शेती करणार नाही, पण तुम्ही गेलात तर दर महिन्याला येईन. माळरान, नंदगडच्या बाजूला एखादी खोली वर्षभर भाड्याने मिळेल का? आणि घर बांधायचं तर शेतजमिनीवर परवानगी कशी असते?

माळरान

खोली मिळेल, बाजाराच्या जवळ बघू. खानापूरला अर्ध्या तासाच्या आत पोचता येईल, बेळगाव तिथून पंचवीसेक किलोमीटर. मे महिन्यातच या, म्हणजे विहिरींचे तळ दिसतील आणि लगेच पाऊसही सापडेल.

शेतघर आपल्या जमिनीच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या जागेत बिगरशेती न करता बांधता येतं, मात्र ते स्वतःच्या राहण्यासाठीच. भाड्याने द्यायला किंवा पर्यटकांसाठी नाही. करसवलतीत ते बसतं का, हे रुजवात ह्यांना विचारून घ्या.

साहेबांना माझा निरोप द्या. आमच्या विहिरीचा काठ दगडी आहे, बसायला रुंद आहे. जमीन मिळेपर्यंत रोज सकाळी इकडे यायला सांगा.