आधी कोतवाल बुक, मग माळवा
आपलं पोवार घराणं गावात कधीपासून, असं एका भाऊंनी विचारलंय. पोवार समाज माळव्याहून आधी रामटेकजवळच्या नगरधनला अन् मग वैनगंगेकाठी आला, असं सांगतात. पण त्यानं भाऊंचा प्रश्न सुटत नाही. भंडारा-गोंदियात आजपासून मागं मागं जा: सातबारा, १९५४-५५चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), मग त्याआधीच्या बंदोबस्ताचा, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाचा, पी-१ हा कागद. जन्ममृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. त्यात बहुतेकदा आडनाव नसतंच. बापाचं नाव, जात, गाव एवढंच. आडनावानं शोधाल तर हाती भोपळा! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून थोरल्याची नोंद आजोळच्या गावात पाहा. मालगुजाराचं नाव दिसलं की लगेच पूर्वज धरू नका. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तोवर अख्ख्या गावाचा शेतसारा सरकारात तोच भरायचा. वऱ्हाडात मात्र मालगुजारी कागद शोधत बसू नका, तिथं रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा.