शब्दचर्चा : गेझेलशाफ्ट, फेराइन आणि आपली सोसायटी

विचारणा

उत्तर जर्मनीतल्या त्सेले गावच्या एका जुन्या संस्थेबद्दल मराठीत लेख लिहिते आहे. संस्थेचे नाव 'लांडविर्टशाफ्ट्स-गेझेलशाफ्ट' ('लांडविर्टशाफ्ट' म्हणजे शेती, 'गेझेलशाफ्ट' म्हणजे संस्था), स्थापना १७६४. 'कृषी सोसायटी' लिहावे की 'शेतकरी संघ'? दोन्हींत फारसा फरक पडतो का?

प्रतिसाद

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. 'शेतकरी संघ' तर नकोच. संघ म्हटले की आपल्याला खरेदी-विक्री संघ किंवा दूध संघ आठवतो, म्हणजे माल पिकवणाऱ्यांनी स्वतःसाठी उभी केलेली संस्था. त्सेलेची संस्था तशी नव्हती. तिचे सभासद मुख्यतः जहागीरदार, सरकारी अधिकारी आणि पाद्री होते. 'सोसायटी'ची अडचण वेगळी आहे. खेड्यातला वाचक सोसायटी म्हटल्यावर पीककर्ज, थकबाकी आणि सचिव एवढेच समजेल, आणि शहरातला वाचक पार्किंग आणि मेंटेनन्स.

संस्थेचे पूर्ण नाव लांबलचक होते: 'शाही ग्रेट ब्रिटन व इलेक्टोरल ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग शेतकी गेझेलशाफ्ट'. त्यात इतिहास भरलेला आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा हानोफरचा, म्हणजे त्सेले ज्यात होते त्या ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग संस्थानाचा, इलेक्टरही (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) होता आणि त्याच्याच आश्रयाखाली ही संस्था निघाली. सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले होते. त्या युद्धात हानोफरच्या मुलखात फ्रेंच फौजा शिरल्या होत्या. प्रदेश पुन्हा सावरायचा होता आणि राज्यकर्त्याच्या दुसऱ्या देशात, इंग्लंडमध्ये, शेतीचे रूप पालटत होते. तिकडचे ज्ञान इकडे आणण्याचे हे दार होते. अशा संस्थांची तेव्हा लाटच होती. बर्नची १७५९ ची, लाइपझिगची त्सेलेच्याच वर्षीची.

लाइपझिगच्या संस्थेच्या नावात 'ओकोनोमिश' असा शब्द आहे. त्याचे 'आर्थिक' असे भाषांतर केले तर अनर्थ होईल. अठराव्या शतकातल्या जर्मनीत 'ओकोनोमी' म्हणजे घरदार, जमीनजुमला, गुरेढोरे यांचा सगळा कारभार, आणि त्यातही मुख्यतः शेती. आपल्याकडे 'वार्ता' या शब्दाचे असेच झाले आहे. कौटिल्याच्या लेखी शेती, पशुपालन आणि व्यापार मिळून वार्ता होते. आज तिच्यात बातमीशिवाय काही उरलेले नाही.

आता 'लांडविर्टशाफ्ट' पाहू. 'लांड' म्हणजे जमीन, 'विर्टशाफ्ट' म्हणजे कारभार. हा कारभार पाहणारा तो 'लांडविर्ट'. स्वतः राबणारा कुळवाडी तो 'बाउअर'. दोघांनाही आपण सरसकट 'शेतकरी' म्हणतो आणि मग मूळ मजकुरातली दरी दिसेनाशी होते. लांडविर्टसाठी मी 'बागायतदार' वापरीन. शब्द तंतोतंत बसत नाही, कारण तिथे बागायत नाही, पण माणूस बरोबर उभा राहतो: हिशोब ठेवणारा, मजूर लावणारा, नवे करून बघण्याची ऐपत असलेला.

या जातीचा सगळ्यात मोठा माणूस त्सेलेचाच. आल्ब्रेख्त टेअर, जन्म १७५२. पेशाने वैद्य, तोही दरबारी. बागकामाच्या नादातून तो शेतीकडे वळला, संस्थेच्या कामात रमला आणि इंग्रजी शेतीवरचे ग्रंथ वाचून १७९८ पासून त्याने त्या विषयावर जर्मनमध्ये स्वतः लिहायला सुरुवात केली. १८०२ मध्ये त्याने त्सेलेत शेतीचे शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे प्रशियाच्या राजाने बोलावल्यावर तो १८०४ मध्ये तिकडे गेला आणि म्योग्लिन येथे त्याची संस्था नावारूपाला आली. शेती हा धंदा आहे, वनस्पती आणि प्राणी यांपासून माल तयार करून नफा मिळवणे हा त्याचा हेतू आहे, अशी व्याख्या त्याने आपल्या मुख्य ग्रंथाच्या सुरुवातीलाच केली. शेतीला बापजाद्यांची रीत मानणाऱ्या समाजात हे वाक्य किती धाडसाचे होते, ते सांगायला नको.

टेअरच्या लिखाणातला 'फ्रुख्टवेक्सल' मराठीत आणताना 'पीक-चक्र' वगैरे बनवत बसू नका. आपल्याकडे 'फेरपालट' आहे, आणि मागच्या पिकाचा जमिनीवर जो परिणाम राहतो त्याला 'बेवड' हा सुंदर शब्द आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या मुलखातली जुनी रीत तीन तुकड्यांची: एकात हिवाळी धान्य, एकात उन्हाळी आणि तिसरा तुकडा पड. सुधारणावाद्यांचे म्हणणे असे, की पड टाकण्याऐवजी तिथे क्लोव्हर लावा. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचा भाऊबंद. तो जमीन सुधारतो आणि वैरणही देतो. मग गुरे माळावर न सोडता गोठ्यात बांधा, म्हणजे शेणखत एका जागी जमा होते.

ल्युनेबुर्गच्या माळरानावर हा खताचा प्रश्न फार कठीण होता. जमीन वाळूची, वर हेदरची झुडपे, तिथे मेंढ्या आणि मधमाश्या. शेतकरी माळावरची झुडपांसकट वरची साल फावड्याने कापून आणायचे. तिला 'प्लागे' म्हणत. ती गोठ्यात गुरांखाली अंथरायची, शेण-मुतात मुरू द्यायची आणि मग शेतात पसरायची. एवढ्याशा राय नावाच्या धान्यासाठी माळ सोलून काढावा लागे. संस्थेची पत्रके आणि बक्षिसे याच्या बदल्यात काय करता येईल, ते सांगत होती.

उपप्रश्न

या सुधारणा साध्या शेतकऱ्यापर्यंत पोचल्या का? आणि नावात 'सुधारणा' घालावे का?

प्रतिसाद

पोचल्या, पण उशिरा, आणि नुसत्या पत्रकांनी नव्हे. गावाचा माळ सामाईक, शेतांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले, शिवाय जमीनदाराला धान्याचा दशमांश आणि वेठ. अशा माणसाला क्लोव्हरचे फायदे सांगून काय उपयोग? ल्युनेबुर्गमध्ये सामाईक जमिनींच्या वाटणीचा कायदा १८०२ मध्ये आला आणि वेठ व दशमांशातून मोबदला देऊन मोकळे होण्याची वाट हानोफरमध्ये १८३१ आणि १८३३ च्या कायद्यांनी उघडली. तिथून पुढे साध्या बाउअरला सुधारणेत रस वाटण्याजोगी स्थिती आली. म्हणून लेखात संस्थेच्या इतिहासाबरोबर हे कायदे आलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर सगळे श्रेय बक्षिसांना जाते.

नावाबद्दल. अशा संस्थांच्या उद्दिष्टांत 'बफ्योर्डरुंग' शब्द येतो, म्हणजे चालना देणे. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात यासाठी नेमका शब्द रुळलेला होता: उत्तेजन. वेदशास्त्रोत्तेजक सभा, वक्तृत्वोत्तेजक सभा ही नावे आजही आहेत, आणि परीक्षा, स्पर्धा, बक्षिसे असाच मार्ग. त्या काळात हा लेख लिहिला असता तर 'शेतकी-उत्तेजक सभा' हेच नाव सर्वांत चपखल ठरले असते. दुर्दैवाने 'उत्तेजक' आता खेळाडूंच्या बंदी घातलेल्या औषधांपुरता उरला आहे. तेव्हा 'शेतकी सुधारणा मंडळी' लिहा. 'कृषी'पेक्षा 'शेतकी' बरे, त्यात जुन्या शेतकी खात्याचा काळ ऐकू येतो. 'मंडळी' म्हटल्याने प्रतिष्ठित लोकांचा जमलेला गट हा अर्थही राहतो.

उपप्रश्न

बव्हेरियाच्या अशाच शेतकी संस्थेला 'फेराइन' (संस्थेसाठीचा दुसरा जर्मन शब्द) म्हणतात, गेझेलशाफ्ट नाही. मग तिथे वेगळा शब्द हवा का?

प्रतिसाद

बव्हेरियाच्या त्या शेतकी फेराइनपुरता नको, तिथेही 'मंडळी' चालेल. कामही त्याच धाटणीचे. म्युनिकला ऑक्टोबर १८१० मध्ये युवराज लुडविग आणि थेरेसे यांच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, आणि १८११ मध्ये याच फेराइनने तिला शेतीच्या प्रदर्शनाची जोड दिली. आज जगभर बिअरसाठी ओळखला जाणारा ऑक्टोबरफेस्ट तो हाच.

पण 'फेराइन' हा शब्द पुढे वेगळ्या लोकांच्या हातात गेला, हे लक्षात ठेवा. फ्रीडरिख विल्हेल्म राइफायझनने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे काढलेला 'डार्लेन्सकासन-फेराइन' म्हणजे सभासदांना कर्ज देणारी गावची संस्था. एकाचे कर्ज बुडाले तर भार सगळ्यांवर, अशी अमर्याद जबाबदारी. हीच कल्पना मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकोल्सन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याच्या अहवालातून आली आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. गावोगावच्या विकास सोसायट्यांची मुळे तिथे आहेत. म्हणून राइफायझनच्या फेराइनला बिनधास्त 'सोसायटी' म्हणा.