ग्रुप बंद करण्याआधी

सेक्रेटरी, ए-१०२: नमस्कार. खालचा मेसेज सकाळपासून बऱ्याच जणांनी मला पाठवलाय. "उद्यापासून सर्व कॉल रेकॉर्ड होतील. दोन निळ्या, एक लाल टिक म्हणजे सरकार कारवाई करू शकते. तीन लाल टिक म्हणजे कोर्टाचे समन्स." राजकीय पोस्टही वाढल्यात. अ‍ॅडमिन म्हणून उद्या मलाच जबाबदार धरणार असतील, तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असं सेटिंग करतो. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

ए-४०१: योग्य निर्णय. राजकारण नकोच इथे.

बी-३०४: काका, माझी हरकत आहे. वकिली करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो मेसेज खोटा आहे, कित्येक वर्षं फिरतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर लाल टिक नसतेच. दोन निळ्या टिकचा अर्थ एवढाच, की समोरच्याने मेसेज वाचला.

अ‍ॅडमिनचं म्हणाल, तर गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण आहे. ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील लिहिलं आणि गुन्हा अ‍ॅडमिनवरही दाखल झाला. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा संगनमत नसेल, तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही.

ए-४०१: पण पालघरच्या त्या मुलींना पकडलं होतंच ना?

बी-३०४: हो दादा, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते फक्त लाइक केलं. दोघींना अटक झाली. आयटी कायद्याचं ६६-अ कलमही लावलं होतं. मजकूर 'त्रासदायक' वाटला तरी ३ वर्षांपर्यंत शिक्षा! त्या अटकेमुळेच श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी पोलीस ठाण्यांत ते लावणं चालूच राहिलं. २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की ६६-अ खाली कोणावरही खटला चालवू नका. मला याचा आजही संताप येतो.

ए-५०३: ताई, छान लिहिलंत. मी इतिहास शिकवायचो, म्हणून थोडं मागचं सांगतो. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्यांवर १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचं कलम लावलं. ज्युरीत ९ जण, कौल ७ विरुद्ध २, शिक्षा ६ वर्षं, मंडालेला. मुंबई हायकोर्टात खटला चालला त्या दालनाबाहेर त्यांचे उद्गार संगमरवरावर कोरलेत. मी विद्यार्थ्यांना तिथे उभं करून ते मोठ्याने वाचायला लावायचो. आणि तेच कलम स्वतंत्र भारतातही चालू राहिलं! मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

बी-३०४: सर, नव्या न्याय संहितेत १२४-अ च्या जागी कलम १५२ आलंय. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. शब्द बदलले, पण व्याप्ती मोठी आहे. त्याच्या वापरावर लक्ष ठेवायला हवं.

सी-२०१: मग काहीही लिहिलं तरी चालतं का?

बी-३०४: नाही वहिनी. बदनामी, दोन समाजांत तेढ लावणं, भीती पसरवणारी अफवा यांना आजही शिक्षा आहे. खात्री न करता फॉरवर्ड केलं, तर पाठवणारा अडकू शकतो. अफवा आणि शिवीगाळ काका, तुम्ही बेलाशक काढून टाका. पण कोणाला सरकारचा निर्णय पटला नाही आणि त्याने तसं लिहिलं, तर तो त्याचा राज्यघटनेच्या कलम १९ मधला, मत मांडण्याचा हक्क आहे.

सी-२०१: मला राजकारणात रस नाही. पण ग्रुप बंद झाला तर लिफ्टच्या खर्चाचं मी विचारायचं कुठे? मागच्या सभेत उत्तर मिळालं नाही.

ए-४०१: वहिनींचा मुद्दा बरोबर आहे. मी माझं मत मागे घेतो.

सेक्रेटरी, ए-१०२: ठीक आहे, सेटिंग बदलत नाही. तो फॉरवर्ड कृपया सगळ्यांनी डिलीट करा. वहिनी, लिफ्टची तिन्ही बिलं उद्या स्कॅन करून इथेच टाकतो.