‘शोषण’ नको, मग काय?

अंबाजोगाईकडच्या गावांतल्या गरोदर बायांसाठी लोहाच्या गोळीचं पत्रक लिहितेय. मसुद्यात वाक्य होतं, ‘चहामुळे लोहाचे शोषण कमी होते.’ वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाल्या, "शोषण म्हंजी पिळवणूक ना? कमी झालं तर बरंच की." अर्थ पार उलटा पोचला. तुम्ही काय म्हणता, विचारलं तर उत्तर आलं, "लेकराच्या अंगी लागंना म्हणतो." पण अंगी लागणं पुढचं. आतड्यातून रक्तात जाण्याला शब्द कोणता? ‘पचणे’ चालेल?

परभणी : ताई, पचणे नको. पचन म्हणजे भाकरीतल्या पिठाची साखर होणं. ती साखर लहान आतड्याच्या मखमली अस्तरातून, जेमतेम मिलिमीटरभर उंचीच्या बोटांसारख्या उंचवट्यांतून (रसांकुरांतून) रक्तात जाते, ते वेगळं. त्याला ‘जिरणे’ म्हणा. ‘अजीर्ण’ याच घरातलं, म्हणून जुन्या वापरात जिरणे म्हणजे पचणेही. तरी लेकराच्या टाळूवरचं तेल जिरतं, हे कुणालाही कळतं.

नांदेड : जिरणे मलाही आवडतो. धो धो पाऊस वाहून जातो, रिमझिम जिरतो. हगवणीत पोटाचं तसंच होतं. पण माती निवड करत नाही, आतडं करतं. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीला घेतलं जातं, बी-१२ अगदी शेवटच्या टोकाला. शरीरात लोह कमी असलं की आतडं जास्त घेतं. जलसंजीवनीत मिठासोबत साखर असते तीही याचसाठी: दोन्ही जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्यामागं ओढलं जातं. एवढं काम ‘जिरणे’त दिसत नाही. शेतकरी म्हणतो ना, ‘पिकानं खत उचललं’? मी ‘उचलणे’ घेईन.

लातूर : औषधाच्या दुकानात रोज बसतो, म्हणून गोळ्यांबद्दल लिहितो. ‘गोळी लागू पडली’ हा परिणाम झाला. त्याआधी ती विरघळते, मग आतडं ती उचलतं. टेट्रासायक्लिन हे जंतुसंसर्गावरचं औषध दुधाबरोबर घेतलं तर दुधातलं कॅल्शियम त्याला चिकटतं आणि उचल घटते. उचललेलं औषधही आधी यकृतात जातं, काहींचा बराच भाग तिथंच मोडतो. म्हणून ‘उचललं’ म्हणजे ‘लागू पडलं’ असं समजू नये. हे तीन टप्पे तीन शब्दांनी वेगळे ठेवा, ही कळकळीची विनंती.

मूळ प्रश्नकर्ती : दादा, सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं केलंय: ‘गोळी चहासोबत घेतली तर आतडं लोह नीट उचलत नाही. चहा आणि गोळीत अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या.’ आज त्याच मावशींना वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं तसं. जमिनीत असतंय, पण पिकाला उचलता येत नाही."