मदत हवी आहे: स्काटमध्ये बोली कुठपर्यंत लावावी?

जर्मनीत राहणाऱ्या पत्तेबाजांनो, जरा सांगा. ऑफिसातली मंडळी जेवणानंतर स्काट मांडतात, त्यात मीही बसते. 32 पानं, तिघं भिडू, प्रत्येकी 10 आणि 2 पालथी. चारही गुलाम कायमचे हुकूम. दश्शी एक्क्याच्या खालोखाल, राजाच्याही वर. मेंढीकोट खेळलेल्यांना दश्शीचं मोल वेगळं सांगायला नको! 120 पैकी 61 गुण करायचे, इथवर ठीक.

घोळ बोलीत आहे, म्हणजे आपला खेळ किती किमतीचा हे आधीच सांगण्यात. समजा, किल्वर आणि इस्पिकचे गुलाम माझ्याकडे नाहीत, बदाम गुलाम आहे आणि हुकूम चौकट करायचाय. म्हणजे 'दोनविना, खेळ तीन' (वरचे दोन गुलाम नाहीत म्हणून दोन, अधिक खेळाचा एक), 3 गुणिले चौकटचे 9, 27. मी 27 पर्यंत बोलले आणि पालथ्या पानांत नेमका किल्वरचा गुलाम निघाला, तर वरचा एकच गुलाम सलग धरून 'एकासह, खेळ दोन', किंमत घसरून 18! चांगलं पान येऊन नुकसान, हा कुठला न्याय? मग समोरच्यांना 30 गुणांत रोखून एक पट वाढवली तरच 27 भरतात, नाहीतर दुप्पट, वजा 54.

अशा वेळी तुम्ही 18 लाच थांबता, की हुकूम बदलायची तयारी ठेवून पुढे जाता? किल्वर (पटीला 12) हुकूम केलं तरी 24 च होतात, म्हणून विचारतेय.