किल्लीवर तांबं चढवायचंय, बॅटरी वाढवू का?

नववीची_आई: लेकीचं विज्ञान प्रदर्शन आहे. शाळेत ॲसिड चालणार नाही म्हणून व्हिनेगर न् चिमूटभर मीठ, पॉझिटिव्हला तांब्याची तार, निगेटिव्हला जुनी पितळी किल्ली, दीड व्होल्टचा सेल. अर्धा तास झाला तरी किल्ली जेमतेम लालसर, आणि परीक्षक टेबलापाशी पाच मिनिटं थांबणार. आजोबा म्हणतात ९ व्होल्टची लाव, मला धास्ती वाटते.

बुधवारपेठी: आजोबांना फुल सपोर्ट. पुण्यात पासोड्या विठोबापाशी १२ व्होल्टचा ॲडाप्टर मिळेल. जेवढा करंट तेवढं तांबं, फॅरेडे सांगून गेलाय.

भोसरीकर: फॅरेडे बरोबर आहे हो, पण तो थर चिकटेल असं नाही म्हणाला. प्लेटिंगचंच काम करतो मी. करंट वाढवला की किल्लीजवळचं तांबं संपतं, मग नुसते हायड्रोजनचे बुडबुडे आणि काळा भुसभुशीत थर, अंगठा फिरवला की बोटाला. मुळात कोऱ्या व्हिनेगरात तांबं असतंच कुठे? ते तारेतून उतरेपर्यंतच तुमचा अर्धा तास जातो. आदल्या रात्री दोन्हीकडे तांब्याची तार लावून सेल चालू ठेवा, पाणी निळं-हिरवं झालं की मग किल्ली, तीही पितांबरीने घासून, परत हात न लावता. भांडं कोमट पाण्यात ठेवा, तारेऐवजी तांब्याचा पत्रा लावा, मधूनमधून ढवळा. सेल तोच राहू दे.

बुधवारपेठी: एवढा खटाटोप? चमचाभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाका, शेतीच्या दुकानात मिळतं, काम तमाम.

नववीची_आई: शाळेची यादी आहे, मोरचूद त्यात नाही.

माजी_मास्तर: मला घाईच कळत नाही. ०.१ अँपिअर अर्धा तास म्हणजे १८० कूलोम विद्युतभार, हिशोबाने फार तर ०.०६ ग्रॅम तांबं. किल्ली आधी न् नंतर सोनाराच्या काट्यावर तोला, पोरीला आकडे फळ्यावर लिहू दे, परीक्षक तिथेच अडकेल. झटपट लालभडक किल्ली काय, बाजारात मिळते.

बुधवारपेठी: मास्तर, परीक्षकाला चकाकीच दिसते, अनुभव आहे.

भोसरीकर: एक राहिलं. ते निळं पाणी आता सॅलडचं व्हिनेगर नाही, त्यात तांब्याचं क्षार उतरलंय. वाटी परत स्वयंपाकघरात नको, पाणी मोरीत ओतू नका.

बुधवारपेठी: मग माझ्या मोरचुदानं काय घोडं मारलं होतं!