फ्रेंचमध्ये 'मजा आली' म्हणताना आव्वार की एत्र?

बोंझूर_मंडळी
पासे कोंपोझे (घडून गेलेल्या गोष्टींचा भूतकाळ) चालू आहे आणि साम्युझे (मजा करणे) या क्रियापदावर गाडी अडलीये. 'मला मजा आली' म्हणायला 'झे आम्युझे' का चालत नाही? मांजे (खाणे), दोर्मीर (झोपणे) सगळ्यांना आव्वार हे सहाय्यक क्रियापद लागतं, मग यालाच एत्र का? आणि 'पिक्चर बघून मजा आली' हे पण याच क्रियापदाने म्हणायचं का?

व्याकरणवेडा
'झे आम्युझे' चालतं की, पण अर्थ वेगळा. 'झे आम्युझे ले झांफां' म्हणजे मी पोरांना हसवलं, त्यांची करमणूक केली. मजा स्वतःला आली असेल तर मध्ये 'म' (मला) येणार, आणि तो आला की एत्र (स्वि, सोम ही त्याचीच रूपं), डोळे झाकून, सगळ्या रिफ्लेक्सिव्ह म्हणजे असं 'स्वतःला' लागणाऱ्या क्रियापदांना हाच नियम आहे. झ म स्वि आम्युझे, त्यु ते आम्युझे, नू नू सोम आम्युझे. 'खूप' साठीचं ब्यां एत्रच्या नंतर घुसतं: झ म स्वि ब्यां आम्युझे. नाही आली तर 'झ न म स्वि पा आम्युझे', म्हणजे 'न' आणि 'पा' मिळून 'म स्वि' ला दोन्हीकडून पकडतात, लोक बोलताना तो 'न' सरळ खाऊन टाकतात ते सोडा.

क्रेयों
वरच्यात भर. बाई लिहीत असेल तर आम्युझेच्या शेवटी जादा ई, अनेकवचन असेल तर एस, सगळ्या बायकाच असतील तर दोन्ही. उच्चार मात्र तोच राहतो त्यामुळे बोलताना टेन्शन नाही, लिहिताना मार्क जातात 😅 पण स प्लेर (एखाद्या ठिकाणी रमणं) याला हे काही लागत नाही, 'एल स सों प्ल्यू' मध्ये बायका कितीही असोत प्ल्यू तसंच राहतं, कारण तिथला 'स' ('म' चं तिसऱ्या व्यक्तीसाठीचं रूप) थेट कर्म नाहीये, 'स्वतःला आवडणं' मधला 'ला' आहे तो.

व्याकरणवेडा
हो ते राहिलंच. आणि पिक्चरचं, साम्युझेला पिक्चर हे कर्म जोडता येत नाही. 'ल फिल्म मा प्ल्यू' (पिक्चर मला आवडला) म्हण, इथे कर्ता पिक्चर आहे, रिफ्लेक्सिव्ह काही नाही म्हणून आव्वार. नाहीतर सरळ 'झे आदोरे ल फिल्म'.

रातकिडा७
मित्रांमध्ये असाल तर 'ओं से एक्लाते', फुल धमाल केली या अर्थाने, परीक्षेच्या पेपरात नको. जेवण झकास झालं तर 'झ म स्वि रेगाले'. आणि डिक्शनरीत 'उपभोग घेणे' शोधून झुइर सापडलं तर तिथेच थांबा, रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ भलताच निघतो, समोरचा आधी लाल होईल आणि मग हसत सुटेल 🙈

बोंझूर_मंडळी
😂😂 झुइर कटाप. पण 'लहानपणी आम्ही खूप मजा करायचो' याला पण पासे कोंपोझेच ना?

क्रेयों
नाही, 'करायचो' आलं की एम्पार्फे, म्हणजे सवयीच्या गोष्टींचा भूतकाळ. त्यात एत्र नाही आणि ई-एसची भानगडही नाही, 'स' (म, नू, जे असेल ते) मात्र जागेवरच राहतो.